गेमिंग संगणकाची जुळणी : खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

कुंभवली : तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कुंभवलीसारख्या गावांत कारखान्यांमध्ये पाळीने काम करणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. अशा घरांत संगणक घेणे हा आजही विचारपूर्वक घेतला जाणारा निर्णय असतो. दिवाळीचा बोनस, भिशीची रक्कम किंवा मासिक हप्ते यांच्या आधारे ही खरेदी होते. अभ्यास, ऑनलाइन अर्ज, नोकरीचा शोध आणि खेळ ही सारी कामे त्या एकाच यंत्राने करावी, अशी घराची अपेक्षा असते. त्यामुळे ‘गेमिंग पीसी’ या नावाखाली चुकीचे सुटे भाग घरात आले, तर खेळाच्या हौसेबरोबर कुटुंबाची वर्षभराची बचतही अडकून पडते.

दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ‘आय५ घ्यावा की आय७’ हा असतो. वास्तविक प्रोसेसरचा विचार नंतर करायचा असतो. कोणते खेळ खेळायचे, ते कोणत्या पडद्यावर खेळायचे आणि घरातली वीज कशी आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की सुट्या भागांची यादी पुष्कळशी आपोआप ठरते. हा क्रम उलटा झाला, की पैसा दिखाऊ भागांवर खर्च होतो आणि यंत्राचे आयुष्य ठरवणाऱ्या भागांसाठी काही उरत नाही.

आधी खेळ, मग यंत्र

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ हे स्पर्धात्मक खेळ विनामूल्य उपलब्ध आहेत आणि माफक क्षमतेच्या यंत्रावरही चालतात. त्यांत चित्राच्या झगमगाटापेक्षा वेग महत्त्वाचा असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला, २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा खेळही फार मोठे यंत्र मागत नाही. याउलट विस्तीर्ण जगात फिरवणारे, चित्रपटासारखे भव्य खेळ ग्राफिक्स कार्डाची कसोटी पाहतात. घरात नेमके कोणते खेळ खेळले जाणार, त्यांची नावे कागदावर लिहून प्रत्येकाच्या अधिकृत पानावरची ‘शिफारस केलेली’ क्षमता पाहावी. ‘किमान’ क्षमतेवर खेळ सुरू होतो, परंतु आनंद मिळेलच असे नाही.

पडद्याचा निर्णयही याच वेळी घ्यावा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. त्याच्या वरच्या, १४४० रेषांच्या पडद्यावर ही संख्या सुमारे ३६.९ लाख होते. म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा भार जवळपास पाऊणपट वाढतो. मर्यादित खर्चात फुल एचडी हाच शहाणपणाचा पर्याय होय. मात्र साधा ६० हर्ट्झचा पडदा घेण्याऐवजी १०० किंवा १४४ हर्ट्झचा घ्यावा, कारण वेगवान खेळांत हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

पालघर परिसरातील खेळाडूंना एक सोय आयतीच मिळाली आहे. व्हॅलोरंट व काउंटर-स्ट्राइक या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. त्यामुळे घरी फायबर जोडणी असल्यास संदेश पोहोचण्याचा वेळ, म्हणजेच पिंग, कमी राहतो. बहुतेक वेळा अडथळा घरातल्या वायफायचाच असतो. राऊटरपासून संगणकापर्यंत साधी लॅन केबल ओढली, तर महागड्या वायफाय कार्डाचा खर्च वाचतो.

साठ हजारांची वाटणी

समजा, पडदा, कीबोर्ड व माऊस वगळून हाती ६० हजार रुपये आहेत. त्यांची ढोबळ वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल : ग्राफिक्स कार्ड ३७ टक्के, रॅम व एसएसडी मिळून २५ टक्के, प्रोसेसर १६ टक्के, मदरबोर्ड ११ टक्के, एसएमपीएस ७ टक्के आणि कॅबिनेट ४ टक्के. रुपयांत सांगायचे तर ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला सुमारे २२ हजार, प्रोसेसरला साडेनऊ हजार आणि एसएमपीएसला चार हजारांच्या आसपास येतात. सुट्या भागांचे भाव आठवड्यागणिक बदलतात. त्यामुळे आकड्यांपेक्षा प्रमाण लक्षात ठेवावे आणि खरेदीच्या दिवशी तीन-चार ठिकाणचे दर ताडून पाहावेत.

ग्राफिक्स कार्ड : नावाला भुलू नये

खेळाचे चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. मोठ्या रकमेचा वाटा त्याला द्यायचा तो याच कारणाने. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० (२०२१) आणि आरएक्स ७६०० (२०२३), एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५० (२०२२), ४०६० (२०२३) व ५०६० (२०२५), तसेच इंटेलचे आर्क बी५७० व बी५८० ही या वर्गातील परिचित नावे आहेत. आर्क कार्डे रुपयामागे चांगला मोबदला देतात. परंतु त्यांना मदरबोर्डावर ‘रिसायझेबल बार’ ही सुविधा सुरू असावी लागते, आणि जुन्या प्रोसेसरच्या जोडीला ती मंदावतात. जुन्या यंत्रात ती बसवण्याचा मोह टाळलेला बरा.

एकाच नावाची दोन कार्डे बाजारात असणे हा येथील मोठा सापळा आहे. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबी व ६ जीबी अशा दोन रूपांत आले. यातले ६ जीबीचे कार्ड केवळ स्मृतीने कमी नाही, त्याचा वेगही कमी आहे. मात्र ते ७० वॉटमध्ये चालते आणि त्याला एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही, हा त्याचा गुण. जीटी ७३० सारख्या जुन्या कार्डावर ‘४ जीबी’ असे ठळक छापलेले असते. पण स्मृतीचा आकडा मोठा म्हणून कार्ड वेगवान होत नाही. नव्या भव्य खेळांसाठी ८ जीबी ही आता खालची पायरी समजावी.

प्रोसेसर व मदरबोर्ड

या रकमेत सहा गाभे व बारा धागे असलेला प्रोसेसर पुरेसा आहे. एएमडीचा रायझेन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ हे दोन्ही २०२२ सालचे असून आजही या वर्गात भक्कम मानले जातात. नावातील ‘एफ’ या अक्षराचा अर्थ नीट समजून घ्यावा. अशा प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड बिघडल्यास पडदा काळाच राहतो आणि मुलांचा अभ्यासही थांबतो. ज्या घरात संगणक एकच आहे, तेथे थोडी जास्त किंमत देऊन ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घेण्याचा विचार अवश्य करावा.

या दोन्ही प्रोसेसरांचे सॉकेट आता उतरणीला लागले आहे. एएमडीचे एएम४ हे सॉकेट रायझेनसोबत २०१७ पासून वापरात आले. २०२२ साली त्याची जागा एएम५ ने घेतली. या नव्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही पाठबळ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. तथापि एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च वाढतो. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी डीडीआर४ व डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात. बोर्ड डीडीआर४ चा आणि रॅम डीडीआर५ ची, अशी खरेदी झाली तर एक भाग परतच करावा लागतो, कारण दोहोंच्या खाचा वेगळ्या असतात.

मदरबोर्डावर रंगीत दिवे नसले तरी चालतील. रॅमच्या खाचा किती, एनव्हीएमई एसएसडीसाठी जागा आहे का आणि प्रोसेसरसाठी बायॉस अद्ययावत आहे का, एवढे पाहावे. जुन्या बी४५० बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसवताना बायॉस अद्ययावत नसल्यास संगणक सुरूच होत नाही. दुकानदाराकडून ते काम करवून घ्यावे आणि यंत्र तेथेच सुरू करून पाहावे.

रॅमची महागाई

काही वर्षांपूर्वी रॅम हा यादीतला सर्वांत निश्चिंत भाग होता. २०२५ च्या उत्तरार्धात चित्र पालटले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या स्मृतीकडे उत्पादकांनी आपली क्षमता वळवली आणि घरगुती रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशिअल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुरवठा फेब्रुवारी २०२६ पर्यंतच सुरू राहील असे सांगितले. जगाच्या दुसऱ्या टोकाला घेतलेल्या अशा निर्णयाची झळ बोईसरच्या ग्राहकालाही बसते.

अशा स्थितीत १६ जीबी हे उद्दिष्ट ठेवावे. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्यास दोन वाहिन्यांचा लाभ मिळून वेग वाढतो. बोर्डाला दोनच खाचा असतील आणि पुढे ३२ जीबी करण्याचा मानस असेल, तर १६ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवता येते. मात्र ग्राफिक्स कार्डाविना, अंगभूत ग्राफिक्सवर खेळायचे असेल तर दोन पट्ट्या आवश्यकच समजाव्यात. एसएसडीच्या बाबतीत अतिवेगाचा आग्रह सोडावा. साधी एनव्हीएमई आणि सर्वांत वेगवान एनव्हीएमई यांच्यात खेळ उघडण्याच्या वेळेचा फरक फारसा जाणवत नाही. जागेचा फरक मात्र महिन्याभरात जाणवतो. अनेक भव्य खेळ प्रत्येकी शंभर जीबीच्या घरात जातात.

एसएमपीएस : काटकसर न करण्याची जागा

कुंभवलीपासून जवळच असलेल्या तारापूर अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीजनिर्मिती होत आहे. देशातील हे पहिलेच अणुवीज केंद्र. परंतु तेथील वीज प्रथम ग्रीडमध्ये जाते. घराच्या प्लगात येणारी वीज रोहित्र, वाहिन्या आणि चाळीतली जुनी वायरिंग यांतून वाट काढत येते. दाब खाली-वर होणे, पावसाळ्यात वीज जाणे आणि परत येताना एकदम झटका देणे हे प्रकार या वाटेवरच घडतात. त्या झटक्यासमोर प्रथम उभा राहतो तो एसएमपीएस.

कॅबिनेटसोबत फुकट किंवा हजार रुपयांत मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ असे छापलेले असते. परंतु संगणकाचे मुख्य भाग १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात आणि त्या वाहिनीची खरी क्षमता लेबलावरच्या कोष्टकात दिलेली असते. तो आकडा छापलेल्या वॉटपेक्षा बराच कमी असेल, तर ते नाव फसवे समजावे. २००४ साली सुरू झालेल्या ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा किमान ब्राँझ दर्जा असलेला, ५५० वॉटचा एसएमपीएस वरील यंत्राला पुरेसा ठरतो. हलक्या दर्जाचा एसएमपीएस जळताना एकटा जात नाही. कधी मदरबोर्ड, कधी ग्राफिक्स कार्ड सोबत नेतो. चार हजारांच्या भागावर वाचवलेले दोन हजार तेव्हा पन्नास हजारांना पडतात.

एसएमपीएस चांगला असला तरी अर्थिंग नसेल तर त्याचे निम्मे संरक्षण व्यर्थ जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येणे, हे अर्थिंग नसल्याचे ओळखीचे लक्षण होय. भाड्याच्या खोल्यांतून तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याच्या तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते. संगणक आणण्यापूर्वी वायरमनकडून न्यूट्रल व अर्थ यांच्यातील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असणे चांगले. अर्थिंगचा खर्च यादीत लिहिलेला नसतो, तथापि तो पहिला खर्च मानावा.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांतील फरक ध्यानात ठेवावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉटच पेलतो. खेळताना २५० ते ३०० वॉट घेणारे यंत्र आणि पडदा यांचा भार पाहता १००० व्हीएच्या आसपासचा यूपीएस निर्धास्त ठरतो. खेळ पूर्ण करण्यासाठी नव्हे, यंत्र नीट बंद करण्यापुरता अवधी मिळावा म्हणून तो असतो.

वीजबिलाचाही हिशेब करावा. २५० वॉटचे यंत्र रोज तीन तास चालले, तर दिवसाला पाऊण आणि महिन्याला सुमारे साडेबावीस युनिट खर्च होतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. १०० युनिटांची मर्यादा ओलांडणाऱ्या घरात हे युनिट वरच्या दराने मोजले जातात.

खारी हवा आणि धूळ

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरचा औद्योगिक पट्टा देशात सर्वाधिक प्रदूषित ठरला होता. त्यात समुद्र जवळ असल्याने हवा दमट व खारी. धूळ आणि ओलावा एकत्र आले की पंख्यांवर चिकट थर बसतो, यंत्र तापते आणि वेग आपोआप कमी होतो. म्हणून समोर पूर्ण काच असलेल्या देखण्या कॅबिनेटऐवजी जाळीदार पुढा, काढून धुता येणारी गाळणी आणि किमान दोन पंखे असलेले कॅबिनेट निवडावे. ते जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावे. गाळणी महिन्यातून एकदा धुवावी. पावसाळ्यात संगणक कित्येक दिवस बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ सुरू ठेवणे बरे, कारण आतील उष्णतेने ओलावा टिकत नाही.

टप्प्याटप्प्याने खरेदी

सारी रक्कम एकदम उभी राहत नसेल, तर हप्त्याचे व्याज भरण्याआधी टप्प्यांचा मार्ग पाहावा. रायझेन ५ ५६००जी किंवा एएम५ वरील ८६००जी या प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्सवर हलके खेळ व्यवस्थित चालतात. चांगला एसएमपीएस पहिल्याच टप्प्यात घेऊन ठेवला, तर पुढच्या दिवाळीला केवळ ग्राफिक्स कार्ड बसवावे लागते. यात एक उणीव आहे. ५६००जी मधील कॅशे स्मृती ५६०० च्या निम्मी असल्याने ग्राफिक्स कार्ड आल्यानंतर तो थोडा मागे पडतो. कर्जाच्या व्याजापुढे ही उणीव अनेक घरांना परवडण्यासारखी असते.

वापरलेल्या मालाचा बाजारही मोठा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ‘मायनिंग’साठी अहोरात्र राबवलेली असंख्य कार्डे जगभर विक्रीस आली. असे कार्ड घेताना अर्धा तास जड खेळ चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावरील ठिपके पाहावेत. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० यांसारख्या कार्डांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, हेही ध्यानी घ्यावे. कार्यालयांतून निघालेले जुने ब्रँडेड संगणक स्वस्त मिळतात. परंतु त्यांचे एसएमपीएस बहुधा निराळ्या आकाराचे असतात आणि मोठ्या कार्डाला त्यांत जागा नसते. शिवाय विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी व टीपीएम २.० लागते, आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएमशिवाय चालत नाही.

लॅमिंग्टन रोड, बिल आणि वॉरंटी

मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सुट्या भागांचा जुना बाजार. २०१३ साली उपनगरी लोकल सेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचल्यापासून बोईसरकरांना तो अधिक जवळचा झाला. ऑनलाइन दरांशी तुलना करून तेथे घासाघीस करता येते. मात्र ‘बिलाविना कमी दर’ हा प्रस्ताव नाकारावा. जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की सुटा, हे पाहावे. दोहोंच्या वॉरंटीत फरक असतो. ग्राफिक्स कार्ड व एसएमपीएस यांची वॉरंटी कोण देणार, दुकान की कंपनी, आणि त्यांचे सेवाकेंद्र कुठे आहे, हे आधीच विचारावे. पाळी बुडवून मुंबईच्या दोन फेऱ्या घालाव्या लागल्या, तर स्वस्त भाग महागच पडतो.

तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. खरेदी मुंबईत झाली म्हणून मुंबईतच जावे लागते असे नाही. त्यासाठी बिल व खोकी जपून ठेवावीत.

यंत्र घरी आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. पडद्याची केबल मदरबोर्डाला न जोडता ग्राफिक्स कार्डाला जोडावी. बायॉसमध्ये रॅमचा पूर्ण वेग, म्हणजे एक्सएमपी, सुरू करावा. आणि विंडोजमध्ये पडद्याचा हर्ट्झचा आकडा स्वतः बदलून घ्यावा. या तीन गोष्टी राहून गेल्यामुळे नवा संगणक मंद असल्याच्या तक्रारी वारंवार होतात. त्या दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही.